मामाचा उलटा काप

माझ्या मामाला कुणी "आज हवा छान आहे" असं म्हटलं, तर तो आधी म्हणणाऱ्याकडे बघायचा आणि मग आभाळाकडे. हवा छान असण्यात या माणसाचा काय फायदा, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न. दुकानात माल मोजून घेताना तो काट्याकडे बघत नसे, दुकानदाराच्या अंगठ्याकडे बघे. बसमध्ये शेजारचा माणूस आपणहून बोलायला लागला की मामा एक थांबा आधीच उतरून पायी घरी यायचा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मामा पाणीसुद्धा फुंकून प्यायचा, आणि त्याचं तोंड नेमकं कशानं पोळलं होतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

हा माणूस द्राक्षबागा छाटायचा. ज्यांनी वेल फक्त फळवाल्याच्या पेटीतून ओळखला आहे त्यांच्यासाठी सांगतो: तोडणी झाली की वेल छाटावा लागतो. काडीवर जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेला आम्ही डोळा म्हणतो. कुठल्या काडीवर किती डोळे ठेवायचे आणि कात्री कुठं लावायची, यावर पुढच्या हंगामाचा सगळा माल ठरतो. चुकीच्या माणसाच्या हाती कात्री गेली तर बाग वर्षभर नुसती पानं दाखवते. म्हणून छाटणीवाल्यांचा दर तोडणीवाल्यांपेक्षा बराच वरचा असायचा, आणि दरवर्षी बागमालकांशी तो दर बोलायला सगळ्यांच्या वतीनं मामा जायचा. घासाघीस त्याच्याशी करणं म्हणजे भिंतीशी करणं. समोरच्याचं एक वाक्य त्याला खरं वाटेल तर शपथ!

मामा डावखुरा. सगळे छाटणीवाले त्याला मास्तर म्हणायचे, पण या मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला काही शिकवलं नाही. तो नेहमी कडेची ओळ घ्यायचा आणि पाठ अशी करून उभा राहायचा की त्याचा हात कुणाला दिसू नये. काम संपलं की कात्री फडक्यात गुंडाळून खिशात. ताकास तूर लागू द्यायचा नाही. मिसरूड फुटलं तेव्हा मी त्याच्याकडे छाटणी शिकायला गेलो होतो. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "तू दुकान टाक." मी दुकान टाकलं. कात्र्या, तार, सुतळी, फवारणीचे पंप. बागांच्या रस्त्यावर आहे, चालतंही बरं. पण भाच्याला सुद्धा हात दाखवला नाही, हे मी विसरलेलो नाही.

आता बाहेरच्यांची गोष्ट, कारण तिच्याशिवाय मामाची गोष्ट पुरी होत नाही.

पूर्वी द्राक्षं इथलेच लोक तोडायचे. मग सगळं महाग होत गेलं, आणि तोडणीचा दर मात्र जागचा हलेना. मालक म्हणायचे, परवडत नाही. एका हंगामात मालाच्या गाडीत बसून दूरवरून एक टोळी आली. त्यांच्या गावी होतं त्यापेक्षा इथलं पुष्कळच बरं, म्हणून मिळेल ते घेऊन ती माणसं गोदामात झोपली आणि कामाला लागली. पुढच्या वर्षी इथल्यांना सांगण्यात आलं, याच दरात यायचं तर या. बरेच जण गेले नाहीत. त्यांची पोरं कारखान्यात गेली, शहरात गेली, कुणी गाड्या धुवायला लागली. आणि मग तेच मालक मोठ्या दुःखानं सांगायला लागले की इथली माणसं आता कामच करत नाहीत हो! आधी दराचा गळा आवळायचा आणि मग माणूस मेला म्हणून रडायचं, अशातला प्रकार. आज बाहेरच्यांशिवाय बागेतलं पान हलत नाही. त्यांची बस यायला उशीर झाला की मालक कानाला फोन लावून रस्त्यावर येरझाऱ्या घालतात. एवढी गरज असूनही दर का वाढत नाही, असं मी एकदा एका मालकाला विचारलं. तो म्हणाला, "यांच्यामागे दुसरी टोळी उभी असते, तिच्यामागे तिसरी." म्हणजे रांग लांब आहे तोवर पुढच्यानं बोलायचं नाही.

छाटणी तेवढी इथल्यांच्या हातात उरली होती. तिचाही दर कित्येक वर्षं तिथंच रुतलेला. मामानं तोंड उघडलं की मालक तोडणीच्या दराकडे बोट दाखवायचे.

घर त्या दरावर चालत नव्हतं, मामीवर चालत होतं. मामीनं परसात एकेक करून तीन खोल्या बांधल्या होत्या. वर पत्रे, बाहेर एक नळ, आत एक दिवा आणि भिंतीला खुंट्या. तोडणीच्या दिवसांत तिथं बाहेरची टोळी भाड्यानं राहायची. टोळीचा पुढारी शिडीसारखा उंच होता, दारातून वाकून आत शिरायचा; त्याला सगळे लंबू म्हणायचे. आपली भाषा तो मोडकीतोडकी बोलायचा, पण गोड बोलायचा. गोड बोलतो म्हणूनच मामाचा त्याच्यावर विशेष डोळा. मामा रोज संध्याकाळी विजेचा मीटर बघायचा, मग त्यांच्या दिव्याकडे बघायचा, मग पुन्हा मीटरकडे. तोडणी संपली की टोळी जायची आणि खोल्या रिकाम्या पडायच्या. मामी रिकाम्या खोल्याही झाडून ठेवायची.

त्या वर्षी तोडणी संपली आणि टोळी गेलीच नाही. लंबू म्हणाला, पेट्या धुवायचं, तारा ओढायचं काम आहे, राहतो थोडे दिवस. मामी म्हणाली, राहा. मामा म्हणाला, "पेट्या धुवायला एवढी माणसं?"

काही दिवसांनी तात्या माझ्या दुकानात आला. तात्या म्हणजे छाटणीवाल्यांतला सगळ्यात वयस्क माणूस, उगाच न बोलणारा. तो बाकावर बसला आणि म्हणाला, "ओढ्यापलीकडची बाग छाटून झाली."

"कुणी छाटली?"

"तेच विचारायला आलोय. आपल्यातलं कुणी गेलं नव्हतं."

ही बातमी मामाला कळली तेव्हा तो जेवत होता. तो ताटावरून उठला, थेट माझ्याकडे आला आणि मला बरोबर घेऊन निघाला. एकट्यानं परक्या बागेत गेलं तर लोक म्हणतील चोरी करायला आला, असं त्याचं म्हणणं. दोघं गेलो तर दोन चोर म्हणतील, असं मी म्हटलं नाही. मामापुढे विनोद करायचा तर आधी जामीन शोधावा लागतो.

बाग मोठी होती. छाटलेल्या वेलांतून पाणी ठिबकत होतं, म्हणजे काम ताजं होतं. मामा पहिल्या वेलापाशी थांबला. त्यानं काडी धरली, कापावरून अंगठा फिरवला. मग दुसरी काडी. मग दुसऱ्या ओळीत गेला, तिसऱ्या ओळीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"हा माझा काप आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

त्यानं आधी चारी बाजूंना बघितलं. मग, आयुष्यात पहिल्यांदा, मला काहीतरी सांगितलं. काप तिरका घ्यायचा असतो, म्हणजे पाणी डोळ्यावर न पडता बाजूनं उतरतं. उजव्या हाताचा माणूस कापतो तेव्हा तो उतार एका बाजूला येतो. मामाच्या डाव्या हाताचा उतार उलट्या बाजूला. दोन्ही चालतात. पण या बागेतला एकूण एक काप मामाच्या बाजूला उतरलेला होता.

"मग ते लोक डावखुरे असतील," मी म्हटलं.

"अख्खी टोळी?"

उजव्या हातानं तसा काप घ्यायचा तर दर वेळी मनगट मागं पिरगाळावं लागतं. असं कुणी उगाच करत नाही. म्हणजे या लोकांनी मामाच्याच हातची छाटणी कुठूनतरी उचलली होती, आणि त्यातलं काय कामाचं, काय नुसतं मामाचं, हे न कळल्यामुळे सगळंच्या सगळं उचललं होतं. गुरु लंगडतो म्हणून शिष्यांनीही लंगडायचं, तसं. मला हसू आलं. मामाकडे बघितलं आणि ते गिळलं.

"मी कुणाला शिकवलं नाही," तो म्हणाला. "मग चोरलं कुणी?"

पहिला संशय माझ्यावर. दुकानात उभं राहून त्यानं विचारलं, "त्यांना कात्र्या कुणी विकल्या?"

"मी विकल्या. दुकान आहे माझं, पैसे देईल त्याला माल देतो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू काय जकात नाका आहेस?"

त्यानंतर मामानं माझ्याकडे चहा घेणं बंद केलं. मग तात्याची पाळी. मामा त्याच्या घरी गेला आणि गप्पा मारता मारता, तू कुणाकुणाला हात दाखवलास, असं विचारून बसला. तात्यानं त्याला पाणी दिलं आणि दार दाखवलं. मग संशय परसात आला. परसात, खोल्यांसमोर, मांडवावर मामाचा स्वतःचा एक वेल होता, त्याच्या हातानं छाटलेला. त्या वेलाला खोलीवाले निरखून बघतात, अशी त्याची खात्री पटली. त्यानं एके सकाळी अख्खा वेल गोणपाटानं झाकून सुतळीनं बांधला. लंबूनं मामीला विचारलं, "काकू, वेल आजारी आहे का?" मामी म्हणाली, "वेल बरा आहे."

एक गोष्ट मात्र मामाच्या नजरेतून सुटली नाही. लंबूच्या उजव्या मनगटाला चिंधी बांधलेली होती.

"काय झालं?" मामानं विचारलं.

"पेटी उचलताना लचकला हात."

तेवढ्यात नळावर दुसरा आला. त्याच्याही मनगटाला चिंधी. त्यानं मामाला बघून हात पाठीमागे घेतला. मामा माझ्या दुकानात येऊन टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "ही टोळी माझ्याच छपराखालची आहे! मीटर मी बघत होतो आणि हे माझा हात चोरत होते!" मी म्हटलं, मग काढ त्यांना खोल्यांतून. तो म्हणाला, आधी शिकवणारा सापडू दे, मग सगळ्यांचाच हिशेब करतो. सापडला तर छाटणीवाले त्याला वाळीत टाकणार होते, हे ठरलेलंच होतं. दोन दिवसांनी मालकांबरोबर दराची बैठक होती आणि त्याआधी तो माणूस मामाला हवा होता. हातची कला गेली तर दर जाणार, आणि दर गेला तर मास्तर म्हणायला कुणी उरणार नाही, एवढं त्याला स्वच्छ दिसत होतं.

बैठकीच्या आदल्या दुपारी मामा कात्रीला धार लावायला आला, आणि धार होताच मला म्हणाला, "घरी चल. या वेळी खोलीवाले काय करतात ते बघायचंय. साक्षीला कुणी हवं." मी दुकान शेजाऱ्यावर सोपवून गेलो. फाटकापाशी मामा थबकला. आतून आवाज येत होता, कट्, मग थोडं थांबून कट्. तो आवाज मामाला झोपेतही ओळखू आला असता.

पाण्याच्या टाकीआडून आम्ही बघितलं. वेलावरचं गोणपाट काढून नीट घडी घालून ठेवलं होतं. मामी स्टुलावर उभी होती, चष्मा नाकावर, बाह्या कोपरापर्यंत वर. तिच्या उजव्या हातात कात्री. लंबू आणि दोघं तिघं तिच्याभोवती उभे होते.

"घाई नको," ती सांगत होती. "आधी डोळे मोजा. खालचे सोडा. आता मनगट असं मागं घ्या. अजून मागं. हं, आता दाबा." आणि कात्री लंबूकडे देऊन तिनं त्याची मूठ आपल्या हातात धरून काप घेतला. काप उलटा. मामाचा.

लग्न झाल्यावर सुरुवातीची बरीच वर्षं मामी बागेत त्याच्याबरोबर जायची. तो छाटायचा, ती मागून काड्या गोळा करायची, आणि काम अंगावर आलं की तीही कात्री घ्यायची. जगाकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या मामाच्या पाठीमागे एकच माणूस होतं, आणि ते बघत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. मामा नुसता बघत राहिला. त्यानं आयुष्यभर सगळ्या जगाचा संशय घेतला होता आणि तेवढ्या गर्दीत फक्त हीच राहून गेली होती. मग त्यानं फाटकाची कडी आवाज होणार नाही अशी हळूच लावली आणि मला दंडाला धरून रस्त्यावर आणलं.

"तू काही बघितलं नाहीस," तो म्हणाला.

"मामा, पण..."

"दुकानदार आहेस ना? आलेलं गिऱ्हाईक विसरायला शीक."

बैठक मोठ्या बागेच्या पेटीभरणीच्या शेडमध्ये होती. छाटणीवाले पालथ्या पेट्यांवर बसले होते. कात्र्यांची मागणी घ्यायला मीही गेलो होतो. लंबूची माणसं एका कोपऱ्यात पेट्या रचत होती. त्या बागेचा मालक बाकीच्या मालकांच्या वतीनं आला, खुर्चीत बसला आणि त्यानं गेल्या वर्षीपेक्षा खालचा दर सांगितला. इतका खालचा की पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं चुकून बोलला.

"ओढ्यापलीकडे याच दरात झालंय," तो म्हणाला. "आणि काम काही वाईट नाही. काप अगदी तुमच्यासारखाच आहे, मास्तर." हे बोलताना तो हसला. ते हसू मी अजून विसरलो नाही, आणि त्या माणसाला मी आजही उधार देत नाही.

शेडमध्ये एकच गलका झाला. तात्या उठला. "आपल्यातल्याच कुणीतरी शिकवलंय. त्याशिवाय मास्तरचा काप बाहेर जाईल कसा?"

दोन चार माना माझ्याकडे वळल्या. "भाच्यानंच कात्र्या विकल्या," कुणीतरी म्हणालं.

"कात्री विकणं वेगळं," मागून दुसरा म्हणाला. "ती टोळी राहते कुणाच्या खोल्यांत, ते बघा. खोल्या कोण सांभाळतं, दिवसभर घरी कोण असतं..."

"मी शिकवलं," मामा म्हणाला.

पेट्या रचणारे हातसुद्धा थांबले.

"तू?" तात्या म्हणाला.

"मी. वय झालं. हात चालेना, म्हणून तोंड चालवलं."

कुणी शंका घेतली नाही. ज्या माणसानं सगळ्यांवर शंका घेतली, त्याच्यावर सगळ्यांनी चटकन विश्वास ठेवला, कारण आपल्या हातानं आपल्या तोंडाला काळं कोण फासून घेईल? तात्या त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "माझ्या घरी येऊन मला चोर ठरवत होतास," तो हळू आवाजात म्हणाला. "माझं पाणी पिऊन." मग तो शेडबाहेर गेला, आणि एकेक करून बाकीचे. मालक म्हणाला, "चला, म्हणजे वादच मिटला." दर त्यानं सांगितला तोच राहिला. ज्यांची घरं छाटणीवर चालत होती त्यांनी पुढच्या आठवड्यात तो मुकाट्यानं घेतला. मामाला मात्र छाटणीवाल्यांच्या कुठल्याच टोळीनं आपल्यात घेतलं नाही.

आम्ही घरी पोचेपर्यंत बातमी आमच्याआधी पोचली होती. लंबूच्या माणसांनी सांगितलं असणार. मामी दारात उभी होती.

"खोटं का बोललात?" तिनं विचारलं.

"तू खरं का बोलली नाहीस?"

मी मधे पडणार होतो. मामीनं हातानंच मला गप्प बसवलं.

"तुमचा दर कधीपासून तिथंच आहे," ती म्हणाली. "अर्धं वर्ष खोल्या ओस. तोडणी संपली की ती माणसं जाणार, भाडं जाणार. छाटणी आली तर वर्षभर राहतील, असा विचार केला."

"माझ्या पोटावर पाय येईल, हे मनात आलं नाही?"

"आलं ना," मामी म्हणाली. "पण तुमच्या दरापेक्षा त्यांच्या भाड्याचा भरवसा जास्त वाटला."

तिनं हे रागानं म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. मला तिचा राग आला, मामाचा आला, आणि त्या खुर्चीतल्या मालकाचा सगळ्यात जास्त आला. त्याला काहीच करावं लागलं नव्हतं. नवऱ्याचा दर त्यानं रोखून धरला, आणि बायकोनं त्याची टोळी तयार करून दिली. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला मारायचं?

पुढचे दिवस वाईट गेले. मामा घरी बसला आणि त्याचा सगळा संशय घरात साचला. पंखा केव्हा घेतला, कशातून घेतला? तिसऱ्या खोलीचे पत्रे कुणी आणले? बहिणीकडे गेली होतीस तेव्हा खरंच बहिणीकडेच गेली होतीस का? मामी एकेका प्रश्नाचं उत्तर द्यायची आणि तो उत्तराची दुसरी बाजू शोधत बसायचा. ती चहा ठेवायची, तो गार होईपर्यंत त्याच्याकडे बघायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "मामा, विष घालायचं असतं तर इतकी वर्षं वाट बघितली असती का तिनं?" तो म्हणाला, "तेच कळत नाही ना, कशाकशाची वाट बघत होती."

शेवटी लंबूच आला. दाराच्या चौकटीखाली वाकून म्हणाला, "मास्तर, मोठी बाग आम्हाला मिळाली. तुम्ही या आमच्यात."

"तिनं पाठवलं?"

"नाही."

"मालकानं पाठवलं?"

"नाही. आमचं काम सावकाश होतं. मालक ओरडतो. म्हणतो, जमत नसेल तर दुसरी टोळी बोलावतो."

मामानं खूप विचार केला. मला वाटतं, घरी बसून संशय घेण्यापेक्षा बागेत उभं राहून घ्यावा, एवढ्यासाठीच तो गेला असावा. त्यांचा तोच दर, त्यालाही.

चार दिवसांनी मी धार लावलेल्या कात्र्या पोचवायला त्या बागेत गेलो. मामा कडेच्या ओळीत होता, पाठ करून. बाकीचे मधल्या ओळींत. थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी कात्री तारेला अडकवायचं आणि हात झटकायचं. बहुतेकांच्या मनगटांना चिंध्या. मामा वयानं सगळ्यांत मोठा, आणि सगळ्यांच्या पुढे होता. ते बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

जेवणाच्या सुट्टीत लंबू त्याच्यापाशी येऊन बसला. त्यानं चिंधी सोडली. मनगट सुजून टम्म झालं होतं.

"मास्तर, या उलट्या कापात काय गुपित आहे? हात मोडतो आमचा."

"कशाला हवंय तुला?" मामा लगेच म्हणाला.

"तसं नाही. गुपित असेल तर करतो आम्ही. काकू म्हणाल्या, पहिली दहा वर्षं दुखतं. मग सवय होते."

मामाचा घास हातातच राहिला. "कोण म्हणालं?"

"काकू."

मामानं घास परत डब्यात ठेवला. त्याच्या मनात काय चाललं होतं, त्यातलं निम्मं मला दिसत होतं. या लोकांची मनगटं दुखत होती तोवरच मामाला भाव होता. ते हळू होते म्हणून तर त्याला बोलावलं होतं. एकदा हात मोकळे झाले की ही तरणी माणसं त्याला मागं टाकणार, मालकाला आणखी स्वस्तात आणखी लवकर काम मिळणार, आणि पुढच्या वर्षी या म्हाताऱ्याला कुणी विचारणार नाही. त्याच्या मुठीत एवढी एकच गोष्ट उरली होती. उरलेलं निम्मं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यानं सवयीनं आजूबाजूला बघितलं, कोण ऐकतंय ते. मग उठला आणि कात्री उजव्या हातात घेतली.

"गुपित काही नाही," तो म्हणाला. "मी डावखुरा आहे."

लंबूला कळलं नाही. मामानं काडी धरली आणि उजव्या हातानं, सरळ मनगटानं, दुसऱ्या बाजूला उतार देत काप घेतला. काप खडबडीत आला, साल सोललं गेलं. इतका गचाळ काप मी त्याच्या हातून कधी बघितला नव्हता. "तुमचा हात चांगला बसेल," तो म्हणाला. "असा घ्या. मनगट वळवायचं नाही."

लंबूनं करून बघितलं. एकदा, दोनदा. मग तो आपल्या भाषेत मोठ्यानं काहीतरी ओरडला आणि सगळे धावत आले. कुणी हसत होतं, कुणी कपाळावर हात मारून घेत होतं. दुपारनंतर त्यांच्या ओळी भराभर पुढे सरकल्या. ऊन उतरेपर्यंत मामा मागे पडला, एकटा, कडेच्या ओळीत. मला त्याला मिठी मारावीशी वाटत होती आणि दोन थोबाडीतही द्याव्याशा वाटत होत्या.

संध्याकाळी मी त्याच्याबरोबरच घरी गेलो. मामी ओट्यापाशी चहा गाळत होती. मामानं पाय धुतले, आत आला आणि तिच्या हातातलं गाळणं काढून बाजूला ठेवलं. मग तिचा उजवा हात धरला आणि मनगटावर अंगठा दाबला. तिनं ओठ आवळले.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" तिनं संशयानं विचारलं.

"उजव्या हातानं काप दुसऱ्या बाजूला घ्यायचा असतो," मामा म्हणाला. "मनगट वळवायचं कारण नाही. कसाही घेतला तरी चालतो."

मामी त्याच्याकडे बघत राहिली. चहा कपाबाहेर सांडला होता, तिकडे तिघांपैकी कुणाचं लक्ष नव्हतं.

"हे आज सांगताय?" ती म्हणाली.